आवाज आला नाही तर काय समजायचं?

"तू नेमकं काय करतोस रे?" हा प्रश्न मला दर लग्नात, दर तेरवीत आणि दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याकडून विचारला जातो. इतक्या वर्षांत याचं धड उत्तर मला देता आलेलं नाही. "युनिक्स सर्व्हर सांभाळतो" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय पावसावर जातो. लॉकडाऊनमध्ये (२०२०) पुणं सोडून चांदूर बाजारला घरी येऊन बसलो, तेव्हापासून तर लोकांना हा मुलगा दिवसभर माडीवर बसून करतो तरी काय, याची जास्तच उत्सुकता. शेवटी एकदा काकाजींना म्हटलं, "दूरच्या मशिनी नीट चालू आहेत की नाही यावर रात्रंदिवस नजर ठेवतो." ते लगेच म्हणाले, "मंग जागलीच आहे की हे! एवढं काय त्यात."

इतकं चपखल उत्तर मला सुचलं नव्हतं. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पीक उभं असताना रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून रात्री शेतात मुक्काम करायचा, म्हणजे जागल. रात्रभर अधूनमधून आरोळी द्यायची. ती डुकरांसाठी असतेच, पण शेजारच्या वावरातल्या जागल्यासाठीही असते. तो उलटून आरोळी देतो. म्हणजे तो जागा आहे, बरा आहे. काकाजींनी तरुणपणी संत्र्याच्या बागेत आणि तुरीत अशा पुष्कळ रात्री काढल्या आहेत.

आमच्या कामातही हेच आहे. ज्या मशिनवर नजर ठेवायची त्या मशिनवर एक छोटासा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला एजंट म्हणतात. तो डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, अमुक सेवा चालू आहे का, हे पाहतो आणि दूरच्या मुख्य मशिनला सांगतो. मुख्य मशिन ते पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवतं. झालं. (मावशी, तुला एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल. नाही समजलं तर मधले दोन परिच्छेद सोडून दे, राग नाही.)

आता मला जे म्हणायचं आहे ते असं. एजंटकडून आवाज आला नाही, तर त्याचा अर्थ आवाज आला नाही एवढाच असतो. मशिन बंद पडलं असा होत नाही आणि सगळं ठीक आहे असा तर मुळीच होत नाही. हे ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं, मला माहीत आहे. पण माझ्या धंद्यातली बरीचशी धावपळ, आणि खऱ्या नुकसानीतला मोठा वाटा, या एका गोष्टीकडे काणाडोळा केल्यामुळे होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

फोनचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांनाच कळतं. मुलगा पुण्याला आहे आणि तुम्ही त्याला फोन लावलात. एक, घंटी वाजत राहिली आणि त्यानं उचललाच नाही. दोन, "आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही" असं बाईनं सांगितलं. तीन, त्यानं उचलला, "कोण बोलतंय?" म्हणाला आणि तुमचं नाव ऐकून ठेवून दिला. तिन्ही वेळा बोलणं झालंच नाही. पण आईला यातल्या प्रत्येकाची काळजी वेगळी वाटते, आणि ती पुढे जे करते तेही वेगळं असतं. तिसऱ्या प्रकारात ती मुलगा जिवंत आहे का असं विचारत नाही. तो कशावरून रुसलाय ते विचारते.

सर्व्हरचंही तंतोतंत तसंच आहे. बाहेरून एजंटच्या पोर्टवर टकटक केली आणि 'टाइमआउट' आला, तर तुमची हाक मध्येच कुठेतरी गडप झाली. बहुतेक वेळा मध्ये फायरवॉल असते, ती हाक गिळून गप्प बसते. मशिन खरंच बंद असेल तरी असंच दिसतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर ती उलट चांगली बातमी असते. मशिन जिवंत आहे, जाळं ठीक आहे, पण त्या दारामागे कोणी बसलेलं नाही. म्हणजे एजंट चालू नाही, किंवा चालू आहे पण दुसऱ्याच दाराशी बसला आहे. आणि जोडणी झाली पण लगेच तुटली, तर एजंटनं दार उघडलं, तुम्हाला पाहिलं आणि लावून घेतलं. तीन आजार, तीन औषधं. पडद्यावर मात्र तिन्हींचा रंग एकच, लाल.

हे वेगळं काढायला दहा मिनिटं पुरतात. आधी दूरच्या मशिनवर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं आत जायचं. गेलात, म्हणजे मशिन जिवंत आहे, अर्धी काळजी तिथेच मिटली. मग एजंटची प्रक्रिया चालू आहे का पाहायचं. ती कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या पत्त्यावर कान लावून बसली आहे ते पाहायचं. पुष्कळदा एजंट फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःशीच बोलायला बसलेला असतो आणि बाहेरच्या कुणाचंही ऐकतच नाही. मग तिथल्या तिथेच त्याला प्रश्न विचारायचा. तिथे उत्तर मिळालं आणि बाहेरून मिळत नसेल तर दोष वाटेत आहे. आणि हे सगळं करताना लॉग वाचायचा, दोन्ही टोकांचा. तो वाचताना मशिनचं घड्याळ कोणत्या वेळेवर लावलं आहे तेही आधी बघायचं. कित्येक सर्व्हर ग्रीनिच वेळेवर असतात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री दहाची घटना तिथे संध्याकाळी साडेचारला नोंदलेली असते आणि माणूस दहाच्या ओळी चाळत "इथे तर काहीच नाही" म्हणत बसतो.

आणखी एक. तपासणीची आज्ञा स्वतः रूट म्हणून चालवून "माझ्याकडे तर चालते" म्हणू नका. एजंट रूट नसतो. तो एका साध्या, कमी अधिकारांच्या खात्यानं चालतो, आणि त्या खात्याला ती फाइल वाचायची मुभाच नसते. मालकाला कोठाराची किल्ली मिळते, म्हणून गड्याला मिळतेच असं नाही. त्या खात्याचं सोंग घेऊन आज्ञा चालवून पाहिली की निम्मे चमत्कार उलगडतात.

यातलं काहीही न करता लोक काय करतात? रीस्टार्ट. एजंट रीस्टार्ट. जमलं नाही तर सर्व्हर रीस्टार्ट. या सवयीवर माझा जुना राग आहे. रीस्टार्टनं कधीकधी लाल दिव्याचा हिरवा होतो हे खरं. पण मेमरीत काय होतं, कोणती प्रक्रिया कशापाशी अडकली होती, कोणती जोडणी अर्धवट लटकली होती, तो सगळा पंचनामा पुसला जातो. चोरीच्या जागेवर पोलीस यायच्या आधी घर झाडून-पुसून घेण्यासारखं आहे हे. आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लाल होतो आणि तेव्हाही हातात पुरावा शून्य.

तर आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. एका संस्थेचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. पैशांचे व्यवहार करणारी, लोकांची खाती सांभाळणारी संस्था आहे एवढं पुरे. त्यांचा एक युनिक्स सर्व्हर आहे, चांगला दणकट. त्यांच्या एजंटवर नजर ठेवायचं काम दुसऱ्या एका चमूकडे होतं. त्या चमूतल्या एका मुलानं मला गाठलं. म्हणाला, "सर, एजंट काही केल्या बोलत नाही. एसएसएल हँडशेक होत नाही म्हणतो. सर्टिफिकेट नवीन केलं, एजंट काढून पुन्हा टाकला, दोनदा रीस्टार्ट केला, तरी तेच."

ही व्यवस्था नेगिऑसची होती. (ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांच्यासाठी: एथन गालस्टाड या अमेरिकन माणसानं १९९९ मध्ये 'नेटसेंट' नावानं हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. नावावरून ट्रेडमार्कचा वाद होईल असं दिसल्यावर २००२ मध्ये त्याचं नेगिऑस झालं. लॅटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेवचं झॅबिक्स २००१ मध्ये लोकांसमोर आलं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी या दोघांवरच हात साफ केला.) नेगिऑसच्या एजंटचं नाव एनआरपीई, तो ५६६६ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. आणि या एजंटची एक जुनी खोड आहे. ओळख नसलेल्या कुणी त्याला प्रश्न विचारला तर तो फोन आपटतो. समोरच्याला त्याचं कारण मात्र कळत नाही. समोरच्याच्या पडद्यावर दिसतं ते 'एसएसएल हँडशेक पूर्ण होऊ शकला नाही' एवढंच. मग माणसं सर्टिफिकेटच्या मागे लागतात. दोष रोटीत नसतो, पिठात नसतो, पण चूल बदलायला निघतात.

खरं कारण दुसऱ्या टोकाला, सर्व्हरच्या लॉगमध्ये पडलेलं असतं. मी त्या मुलाला म्हटलं, आत जा आणि सिस्टिमचा लॉग वाचून दाखव. तिथे दर पाच मिनिटांनी एकच ओळ होती. अमुक पत्त्यावरच्या मशिनला आमच्याशी बोलायची परवानगी नाही. बस्स. नजर ठेवणारं मुख्य मशिन काही दिवसांपूर्वी दुसऱ्या जागी हलवलं होतं, त्याचा पत्ता बदलला होता आणि एजंटच्या परवानगीच्या यादीत अजून जुनाच पत्ता होता. यादीत एक पत्ता घातला, एजंटला यादी पुन्हा वाचायला लावली, सगळे दिवे हिरवे. मुलगा खूश.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

मी सहज विचारलं, हे मशिन हलवून किती दिवस झाले? १९. म्हणजे १९ दिवस एजंट लाल होता? हो, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी 'पाहिलं आहे, काम चालू आहे' असं बटण दाबून त्याची ओरड बंद केली होती. हरकत नाही, तेवढं सगळीकडेच होतं. मग मी म्हटलं, लाल राहू दे, मला हिरवे दाखव. आणि प्रत्येक ओळीपुढे शेवटची तपासणी केव्हा झाली तो रकाना वाच. त्यानं वाचला. बाकी सगळ्या ओळी पाच-पाच मिनिटांपूर्वीच्या. एक ओळ मात्र १९ दिवसांपूर्वीची. छान हिरवीगार. नाव 'रात्रीचा बॅकअप'.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. नजर ठेवायच्या दोन रीती आहेत. एकीत मुख्य मशिन विचारतं आणि एजंट उत्तर देतो. दुसरीत कुणी विचारत नाही, काम झालं की ते मशिन आपणहून निरोप धाडतं. (पहिलीला नेगिऑसवाले 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणतात आणि झॅबिक्सवाले 'पॅसिव्ह', दुसरीला बरोब्बर उलट. कारण एक मुख्य मशिनच्या बाजूनं बोलतो, दुसरा एजंटच्या. नवख्याला वेड लागायची पाळी येते.) दुसरी रीत म्हणजे आपलं जुनं खुशालीचं पत्र. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. बॅकअपची तपासणी या दुसऱ्या रीतीची होती. रात्री बॅकअप संपला की सर्व्हर एक निरोप पाठवायचा, बॅकअप झाला. तो निरोप अजूनही जुन्याच पत्त्यावर जात होता, जिथे आता कुणीच राहत नव्हतं. नव्या मुख्य मशिनवर जुन्या मशिनची सगळी स्थिती जशीच्या तशी नक्कल करून आणली होती, त्यात त्या ओळीचा शेवटचा रंगही आला. हिरवा. नेगिऑसला 'इतक्या तासांत निरोप आला नाही तर ओरड' असं मुद्दाम सांगावं लागतं. ते सांगितलेलं नसेल तर तो शेवटचा रंग धरून बसतो. एक दिवस, दहा दिवस, वर्षभर. झॅबिक्समध्येही तसंच, निरोप न येण्याची वेगळी अट लिहिली नाही तर शेवटचा आकडाच खरा मानला जातो.

निरोप पोचत नव्हता हे एक झालं. बॅकअप तरी होत होता का? सर्व्हरवर जाऊन पाहिलं. पहिले आठ दिवस होत होता. मग बॅकअपची डिस्क भरली आणि नंतरच्या ११ रात्री तो अर्ध्यावर थांबत होता. सर्व्हर बिचारा दर रात्री इमानेइतबारे 'बॅकअप झाला नाही' असं पत्र टाकत होता. रिकाम्या घराच्या पत्त्यावर.

त्या ११ दिवसांत मुख्य डिस्क गेली असती तर? नाही गेली. दुपारपर्यंत जागा मोकळी करून पूर्ण बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या मशिनवर उलगडूनही पाहिला. कुणाचं काही बुडालं नाही. पण ज्यांची खाती तिथे आहेत त्यांतल्या एकालाही हे कधी कळणार नाही, आणि मला तेव्हापासून लाल दिव्याची मुळीच भीती वाटत नाही. लाल दिवा ओरडतो, दहा माणसं गोळा होतात. हिरव्याकडे कोण बघतं?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, सुमारे ५ कोटी लोक अंधारात. त्याची चौकशी झाली, एप्रिल २००४ मध्ये अहवाल आला. तो आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचायला हवा. ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी या कंपनीच्या नियंत्रण कक्षात युनिक्सवर चालणारी एक्सए/२१ नावाची व्यवस्था होती. तारांवर काही बिघडलं की तिनं घंटी वाजवायची. त्या दुपारी सव्वादोनच्या सुमाराला घंटी वाजवणारा भागच अडकला. दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी हात घालायला गेल्या, असा तो बारीक दोष होता. घंटी वाजेना, म्हणजे सगळं ठीक, असं कक्षातल्या माणसांनी धरलं. मग एकामागून एक तारा तुटत गेल्या. बाहेरून लोकांचे फोन येत होते, अहो, तुमची अमुक लाइन पडलेली दिसते. पण समोरचा पडदा शांत होता आणि माणसं पडद्यावर विश्वास ठेवून होती.

त्यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. संगणक विभागातल्या लोकांना सर्व्हर पडल्याचं कळलं होतं. त्यांनी काय केलं? रीस्टार्ट. तीन वाजून गेल्यावर सर्व्हर पुन्हा उभा राहिला, त्यांना वाटलं झालं काम. घंटी तरीही मुकीच होती. शेजारच्या कक्षात जाऊन "काय हो, घंट्या वाजताहेत ना आता?" एवढं कुणी विचारलं नाही. चारच्या पुढे सगळं जाळं कोसळलं.

म्हणून आता माझ्या मुख्य आग्रहाकडे येतो. नेगिऑसच्या तपासण्यांची उत्तरं चार असतात. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर आणि तीन म्हणजे 'अननोन', माहीत नाही. ज्यानं हे चौथं उत्तर ठेवलं त्याला माझा नमस्कार. शहाण्या माणसाचं उत्तर आहे ते. आणि जगभर सगळ्यात जास्त हेळसांड याचीच होते. ज्या ज्या ठिकाणी मी पाहतो तिथे सावध आणि गंभीरला फोन वाजतो, अननोनला वाजत नाही. कारण काय, तर "ते उगाच येत राहतं." उगाच कसं येईल? एजंट सांगतोय की मला पाहता आलं नाही, जरा येऊन बघता का? आपण म्हणतो, गप्प बस.

उलटही होतं. एनआरपीईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर १० सेकंदांत आलं नाही की मूळ रचनेत ते 'गंभीर' धरलं जातं. त्याऐवजी 'माहीत नाही' म्हण, असं सांगायची सोय आहे. ती वापरावी असं माझं म्हणणं आहे, कारण डिस्क भरली आणि डिस्कचं काही कळलं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ती वापरायची तर अननोनलाही फोन वाजलाच पाहिजे, ही अट. नाहीतर आजार झाकायची आणखी एक चादर मिळाली एवढंच.

यावर मित्र म्हणतात, बाबा रे, मग रात्री झोपायचं केव्हा? रास्त आहे. आमच्याकडे वीज जाते, लाइन तुटते, पावसाळ्यात तर अमरावतीकडून येणारी केबल कुठे ना कुठे खणली जातेच. प्रत्येक वेळी फोन वाजला तर माणूस चार दिवसांत फोन फेकून देईल. माझा उपाय साधा आहे. सगळ्या ओळी एकदम मुक्या झाल्या तर वाटेतली लाइन गेली, एकच फोन. एकच ओळ मुकी झाली तर दोन फेऱ्या वाट बघायची, मग फोन. आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी चहा घेताना, शेवटच्या तपासणीचा रकाना जुन्यापासून नव्याकडे लावून वाचायचा. पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही नव्या मुलाला मी सर्वांत आधी हेच शिकवतो, लिनक्सच्या आज्ञा नंतर.

काकाजींना मी ती बॅकअपची गोष्ट सांगितली, अर्थात त्यांच्या भाषेत. शेजारच्या वावरातून आवाज आला नाही तर तुम्ही काय करत होता, विचारलं. ते म्हणाले, "दोन हाका माराच्या. नाही बोलला तं बॅटरी घेऊन जाऊन पाहा लागते. झोपला असन तं उठवाचं. इच्चू-काट्याचं काम राहते बापा, घरी बसून कसं समजन?" मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "आपल्या इकडच्या हवामानाच्या मशिनीवर कोन ध्यान देते मंग?"

हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. चांदूर बाजार तालुका संत्र्याचा. आंबिया असो की मृग, बहार टिकणं न टिकणं हवामानावर. फळपीक विम्याची जी हवामानावर आधारित योजना आहे, तिच्यात झाडावर काय उरलं हे सहसा कुणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं पाऊस किती, तापमान किती नोंदवलं यावर भरपाई ठरते. राज्यात महावेध प्रकल्पातून २०१७ पासून मंडळामंडळांत अशी केंद्रं उभी राहिली. तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा यांची नोंद दर १० मिनिटांनी. तासाला ६, दिवसाला १४४. म्हणजे शेताच्या कडेला उभा असलेला तो खांब हा एजंटच आहे, माझ्या सर्व्हरवर बसतो तसाच. फरक इतकाच की त्याच्या एका आकड्यावर एखाद्या घरचं वर्षभराचं गणित असतं.

मग त्याला तेच प्रश्न का नाही लागू? मापकानं पाऊस शून्य नोंदवला आणि मापकाकडून नोंदच आली नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पावसाच्या मापकात छोटी पळी असते, ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते आणि एक टिक मोजली जाते. वरच्या नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पाखरांची घाण अडकली की पळी कलंडतच नाही. केंद्र मात्र १४४ च्या १४४ नोंदी वेळेवर धाडतं, सगळ्या शून्य. हा दिवा हिरवा. बाहेर अवकाळी कोसळत असताना हिरवा. कमी पावसाची भरपाई असेल तर त्या खोट्या शून्याचा फायदा होईल, अवकाळीची असेल तर घात होईल. दोन्ही वाईटच, कारण विमा आंधळेपणानं वाटला जाईल. नोंद नसेल तेव्हा जवळच्या दुसऱ्या केंद्राचा आकडा घेतात, पण पाऊस काय गावाची शीव बघून पडतो? या वावरात पाणी आणि पलीकडच्यात कोरडं, हे आम्ही पाहिलेलं आहे.

आमच्या मंडळाच्या केंद्राबद्दल माझी काही तक्रार नाही, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. ते बंद होतं असं मी म्हणत नाही, चालू होतं असंही म्हणत नाही. मला बाहेरून कळायची सोय नाही, एवढंच म्हणतो. आणि विम्याचा हप्ता भरणाऱ्याला ती सोय असायलाच हवी, असं माझं मत आहे. भरपाई नाकारल्यावर चार महिन्यांनी माहिती अधिकारात कागद मिळवून काय उपयोग? तोवर झाडाखालची फळं सडून गेलेली असतात, दाखवायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं तर तलाठ्याला, कृषी सहायकाला घेऊन केंद्रापाशी जाता येतं. बॅटरी घेऊन, काकाजींसारखं.

त्यासाठी फार मोठं काही नको. काल १४४ पैकी नोंदी किती आल्या आणि पाऊस किती नोंदला, हे दोन आकडे रोज सकाळी मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचे. ज्याच्या बागेत पाणी साचलंय आणि फळ्यावर शून्य आहे, तो स्वतःच ओरडेल, त्याला कुठल्या सॉफ्टवेअरची गरज नाही. मी हे काकाजींना सांगितलं तर ते म्हणाले, फळा आहेच, पण त्यावर गेल्या वर्षीची घरपट्टीची सूचना अजून तशीच आहे. ती पुसायला कुणाची परवानगी लागते ते ते सोमवारी विचारून येणार आहेत.